फिल्टरकाकांचे कान

आमच्या मजल्यावरच्या फिल्टरकाकांनी एखादं गाणं शेवटपर्यंत वाजवल्याचं मला पहिली दोन वर्षं तरी आठवत नाही. सकाळी त्यांच्या दाराआडून तानपुरा सुरू व्हायचा, गायिका पहिला सूर लावायची आणि बरोब्बर चाळीस सेकंदांनी सगळं बंद. मग पुन्हा तोच तानपुरा, तीच गायिका, तेवढेच चाळीस सेकंद. आम्ही जेसल पार्कात नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, शेजारी कुणी गाणं शिकतंय. बायको म्हणाली, "एवढ्या दिवसांत एक ओळ येत नसेल तर सोडून द्या म्हणावं."

ओळख झाल्यावर उलगडा झाला. काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. उभी नोकरी त्यांनी लाइनीतले बिघाड कानानं ओळखण्यात घालवली. रिसीव्हर कानाला लावायचा आणि सांगायचं, केबलमध्ये पाणी शिरलंय, नाहीतर अमुक ठिकाणी जोड सैल झालाय. खणल्यावर तसंच निघायचं. "साहेब मीटर लावायचे, मी कान लावायचो," हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते दिवसातून एकदा तरी ऐकावं लागे. निवृत्तीनंतर त्या कानांना काम हवं म्हणून त्यांनी लॅपटॉपला दोन चांगले स्पीकर जोडले आणि मधे साबणाच्या डबीएवढं एक यंत्र ठेवलं. त्याला डॅक म्हणतात. लॅपटॉपमधल्या आकड्यांचा आवाज बनवणं हे त्या डबीचं काम. तिच्यात सात फिल्टर होते आणि त्यांतला कुठला लावावा, या एका प्रश्नानं काकांना पुरतं पछाडलं होतं.

"हे बघ," ते मला समजावत, "सीडीवर एका सेकंदाचे चव्वेचाळीस हजार शंभर ठिपके असतात. ते जोडून रेघ काढायची. आधी ठिपक्यांच्या मधे आणखी ठिपके भरायचे, ते अपसॅम्पलिंग. मग रेघ घासून गुळगुळीत करायची, तो फिल्टर. फार कडक घासलास तर तबल्यावर थाप पडायच्या आधीच तिची चाहूल लागते. हलक्या हातानं घासलास तर वरचे सूर मऊ पडतात. आता सांग, काय करायचं?"

मी विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासणारा माणूस. मला सुरांतलं काय कळणार? मी म्हटलं, "काका, मधलं काहीतरी लावा." एवढ्या भांडवलावर मी त्यांचा परीक्षक झालो.

परीक्षा दर रविवारी दहा वाजता. परीक्षक तीन: मी, खालच्या मजल्यावरचे शहाभाई, ज्यांचं केबिन रोडवर गंजीफ्रॉकचं दुकान होतं, आणि स्वतः काका. लॅपटॉपवर टॉवेल टाकलेला असे आणि त्यामागे बसून काकू बटणं दाबत, म्हणजे कुठला फिल्टर चालू आहे हे काकांनाही दिसू नये. दोन्ही वेळचा आवाज सारखा आहे हे काका आधी तपासून घेत. "आवाज केसभर मोठा झाला की माणसाला तोच गोड वाटतो," ते म्हणत, "माणूस फसायला टपलेलाच असतो रे." चाळीस सेकंद दोनदा ऐकून प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं: पहिलं चांगलं, दुसरं चांगलं, किंवा फरक कळला नाही. कुणी कुणाची चिठ्ठी बघायची नाही. सगळ्या चिठ्ठ्या तारखेनिशी फाइलला लागत.

खरी गोष्ट अशी की मला एकदाही, कधीही, काडीचा फरक कळला नाही. पण परीक्षेआधी काकूंचे घावन आणि ओल्या नारळाची चटणी असे. ज्यांच्या घरी सहा घावन हाणले, त्यांच्या फिल्टरला 'फरक कळला नाही' कसं म्हणायचं? मी लिहून टाकायचो, "दुसरं जास्त मोकळं." शहाभाई माझ्याकडे झुकून हळूच विचारत, "मीठा लिख दूं क्या? पिछली बार खुला लिखा था." दोघंही सज्जन, दोघंही खोटारडे.

एका दिवाळीनंतर काकांनी लॅपटॉपमधलं अपसॅम्पलिंग वाढवत वाढवत शेवटच्या पायरीवर नेलं, आठपट. आता डबीतले सातही फिल्टर नव्यानं पारखायचे होते. रविवार मागून रविवार गेले. आमच्या चिठ्ठ्या नेहमीसारख्या गोड आणि मोकळ्या. काका मात्र दिवसेंदिवस गप्प व्हायला लागले. साहेबांच्या मीटरचं वाक्य बंद झालं. मग एके दिवशी सकाळचा तानपुराच बंद झाला.

काकूंनी मला लिफ्टपाशी गाठलं. "ह्यांनी मनात घेतलंय, की आपले कान गेले. म्हणतात, त्या दोघांना फरक कळतो आणि मलाच कळत नाही. अरे, मी ओट्यापाशी पुटपुटलेलं यांना हॉलमधे ऐकू येतं! डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणतात, निकाल माहीत असताना पेपर कशाला द्यायचा."

मी त्यांच्याकडे गेलो. काका खिडकीपाशी बसले होते. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "माझे वडील शेवटची नऊ वर्षं बहिरे होते. घर माणसांनी भरलेलं, पण त्यांच्याशी लोक दोनच वाक्यं बोलायचे. जेवलात का, आणि गोळी घेतलीत का. तीही ओरडून. बाकी सगळं घर त्यांच्या डोक्यावरून बोलायचं. मीसुद्धा." आणि मग म्हणाले, "आता माझी पाळी."

मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण एवढ्या रविवारांचं खोटं एकदम कबूल करायची हिंमत झाली नाही. "थकवा असेल काका," असं काहीतरी बरळून मी घरी आलो, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढच्या शनिवारी त्यांनीच बोलावलं. डबी विकायची होती आणि मोबाइलवर जाहिरात टाकायला माझी मदत हवी होती. डबी तिच्या मूळ खोक्यात घालून तयार. जाहिरातीत काय लिहायचं म्हणून मी खोक्यातली पुस्तिका काढली आणि एकेक वैशिष्ट्य मोठ्यानं वाचायला लागलो. क्लेमचे कागद तपासून तपासून मला एक खोड लागली आहे. बारीक अक्षरातली तळटीप मी सोडत नाही. तिथं लिहिलं होतं, की बाहेरून आठपट अपसॅम्पलिंग करून आवाज पाठवला तर डबीचा स्वतःचा फिल्टर वापरला जात नाही. पडद्यावर नाव बदलेल, आवाजात बदल होणार नाही.

"परत वाच," काका म्हणाले.

मी परत वाचलं. काका उठले, फाइल काढली आणि दिवाळीनंतरच्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडत गेले. माझी: दुसरं जास्त मोकळं. शहाभाईंची: पहिलं मीठा. त्यांची स्वतःची, प्रत्येक रविवारी, त्याच सुवाच्य अक्षरात: फरक कळला नाही. फरक कळला नाही. फरक कळला नाही.

"फरक नव्हताच," ते पुटपुटले. "अरे, फरक नव्हताच! मग तुम्ही दोघं काय ऐकत होता?"

आता लपायला जागा नव्हती. मी म्हटलं, "काका, आम्ही घावन खात होतो." आणि सगळं सांगितलं, पहिल्या रविवारपासूनचं. शेवटी म्हणालो, "मी तुम्हाला बहिरं ठरवलं."

मला वाटलं, आता काका घरातून उठवतील. पण ते म्हणाले, "तू नाही रे. ठरवलं मीच. तू खाली सही केलीस." आणि मग हसायला लागले, इतके की डोळे पुसायची पाळी आली. काकू धावत बाहेर आल्या. ऐकून मटकन खुर्चीत बसल्या, देवाला हात जोडले आणि लगेच म्हणाल्या, "आता ती बाई एकदा पूर्ण गाऊ दे बघू." डबी खोक्यातून बाहेर आली. त्या दुपारी आम्ही तिघांनी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. गाणं चांगलं होतं की नाही ते सांगता येणार नाही, पण मला फार आवडलं.

पुढच्या रविवारी अपसॅम्पलिंग बंद करून परीक्षा झाली. दहापैकी नऊ वेळा काकांनी कडक आणि मऊ फिल्टर बरोबर ओळखले. मी दहाही चिठ्ठ्यांवर 'फरक कळला नाही' लिहिलं. शहाभाई म्हणाले, "काका, अपना तो पूरा फेल है," आणि तरी सगळ्यांना घावन मिळाले. काकांनी मऊ फिल्टर कायमचा लावला आणि त्यानंतर त्याला हात लावला नाही. कानाच्या डॉक्टरकडेही स्वतःहून गेले. वयाच्या मानानं कान उत्तम निघाले.

पुढे ते दोघं मुलीकडे नाशिकला राहायला गेले. सामान भरताना काका गेटपाशी मला म्हणाले, "कुणी विचारलं तर नाही कळलं म्हणायला शीक. पुढचा माणूस त्यावर हिशोब बांधत असतो." ऑफिसात हे वाक्य मी रोज वापरतो, आणि साहेबाच्या शिव्याही खातो.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "कान उतरले रे," काका म्हणाले, "या खेपेला खरोखरच. सहा महिने नुसता पंख्याचा आवाज ऐकत होतो. परवा कानाला यंत्र लावलं." खिडकीपाशी बसून 'आता माझी पाळी' म्हणणारे काका डोळ्यांपुढे आले. काही विचारायचं म्हणून मी विचारलं, "यंत्र लावल्यावर पहिलं काय ऐकलंत?"

"तुझी काकू," ते म्हणाले. "भाजीवाल्याबद्दल काहीतरी सांगत होती. मधूनच, अर्ध्या वाक्यातून." आणि मग, अगदी हळू आवाजात, "बोलायची थांबलीच नव्हती रे ती."