बाबांच्या छातीतले बहाद्दर

बाबांच्या सलूनमध्ये कात्रीपेक्षा जीभ जास्त चाले. गिऱ्हाईक खुर्चीत बसून नुसतं खोकलं, की यांची डॉक्टरकी सुरू! "थांबा हो, दवाखान्यात कशाला खेपा घालता?" म्हणत खणातून अँटिबायोटिक गोळ्यांची उरलेली पट्टी निघे. स्वतःचंही तेच. जुनाट ब्राँकायटिसची छाती, हवा गार झाली की खोकला ठरलेला. दोन गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं की उरलेल्या पुन्हा खणात. लेक हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू तपासणारी. सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला. "तू जंतूंचं बघ, मी माणसांचं बघतो," हे उत्तर तयार.

या खेपेला मात्र खणातल्या गोळ्यांनी हात टेकले. ताप हटेना, आणि धाप अशी की वाक्य धड पुरं होईना. बाबा आणि गप्प! लेकीने त्यांना थेट आपल्या हॉस्पिटलात आणलं. वॉर्डात भरती केलं, शिरेतून औषध सुरू केलं, तरी ढिम्म फरक नाही. आता दुसरं कुठलं लागू पडेल, हे सांगायचं कुणी? तर हिनेच.

बेडक्यातले जंतू तिने ताटलीत पसरले आणि वर निरनिराळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवल्या. जे औषध चालतं, त्याच्या टिकलीभोवती जंतू उगवत नाहीत, मोकळा गोल राहतो. ताटली उबेच्या कपाटात गेली, आणि मग तिचं कशातच लक्ष लागेना.

दुसऱ्या दिवशी ताटली उजेडात धरली नि ती बघतच राहिली. अबब! बाबांच्या लाडक्या गोळीच्या टिकलीला जंतू अगदी खेटून उगवले होते. शेजारचीला तसेच. त्यापलीकडचीलाही. ना डोकं, ना हात, डोळ्याला दिसणारही नाही असला जीव, आणि माणसांनी उभी हयात घालून शोधलेली औषधं पचवून बसलाय! बापाच्या जिवावर उठलेले ते, तरी क्षणभर तिला हात जोडावेसे वाटले. मग स्वतःचाच राग आला. तिने ताटली फिरवली. कडेच्या एका टिकलीभोवती गोल मोकळा होता, चांगला रुंद. तिने लगेच वॉर्डाच्या डॉक्टरांना फोन लावला.

ते इंजेक्शन लागू पडलं. बाबा उशीला टेकून बसू लागले, तेव्हा तिने मोबाइलवर ताटलीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे माझ्या छातीत? बाप रे! यांना एवढं शिकवलं कुणी?"

"तुम्हीच. दर खोकल्याला मनाला येतील तशा गोळ्या खाऊन."

बाबांनी मोकळ्या गोलावर बोट ठेवलं. "म्हणजे आता हे एकच औषध उरलंय?"

"या जंतूंवर, हो. आणि वापरत गेलो की हेही ते पचवायला शिकतील."

"उद्या हे जंतू तुझ्या पोरीला लागले तर?"

"तर तिलाही हेच द्यावं लागेल."

"मग डोकं फिरलंय का तुझं?" बाबा उसळले. "पोरीसाठी राखायचं, ते या म्हाताऱ्यावर कशाला उधळलंस?"

"मग कुणावर उधळू? मला बाप काय दहा आहेत?"

ती एवढ्या मोठ्याने ओरडली की नर्स धावत आली. इंजेक्शनची वेळ झाली होती. बाबांनी मुकाट्याने हात पुढे केला.