शाफ्ट एक, पण कुठल्या मशीनचा?

शिंदेभाऊंच्या लेथवर झालेला धडाका वर कम्प्युटर रूमपर्यंत ऐकू आला. मी जिना उतरून धावत मशीन शॉपमध्ये गेले. कापणारं टूल थेट चकवर आदळलं होतं, म्हणजे जॉब, कापायचा धातूचा तुकडा, धरून गरगर फिरणाऱ्या जबड्यावर. टूलचा तुकडा उडून लेथपुढच्या संरक्षक काचेत रुतला होता. काच नसती तर तो शिंदेभाऊंच्या तोंडावर बसला असता.

भाऊ लोहगडवाडीचे. मी खालच्या भाजे गावची, त्यामुळे ते मला मॅडम म्हणत नसत. आवाज शांत होता.

"सुमनताई, मी जॉब नीट बांदला व्हता. टेप तुमच्या खोलीतनं आल्ती. तिच्यावर शाफ्ट एकच लिवलंय. बघा."

टेपवर ‘शाफ्ट एक’ असंच लिहिलं होतं. घोळ तिथेच होता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. तळेगावजवळच्या त्या कारखान्यात काही लेथ कागदी टेपवर चालत. टेपला भोकं पाडलेली असत. ती वाचून लेथ ठरवी, टूल किती पुढे न्यायचं, किती मागे. ही टेप आम्ही कम्प्युटरमधल्या फाईलवरून काढायचो. फाईली डिरेक्टरीत ठेवलेल्या असत. आजची मुलं त्यालाच फोल्डर म्हणतात. पंपाची एक डिरेक्टरी, तिच्यात रोटरची, रोटरमध्ये त्याचे पार्ट. गिअरबॉक्सचंही तसंच. ज्याने त्याने आपल्या डिरेक्टरीपुरती नावं दिली होती. त्यामुळे शाफ्ट एक पंपातही होता आणि गिअरबॉक्समध्येही. पंपाचा जॉब लेथवर चढला आणि टेप आली गिअरबॉक्सची.

वर्क्स मॅनेजर देशमाने साहेबांनी त्याच दुपारी मला बोलावलं.

"नावं बदलून टाका. सगळी. नावावरूनच कळलं पाहिजे, पार्ट कुठल्या मशीनचा, कुठल्या असेंब्लीचा."

"हाताने बदलायला महिना जाईल, साहेब. आणि टाइप करताना नव्या चुका होतील."

"मग?"

"मॅक्रो लिहिते. म्हणजे कमांडची एक फाईल. कम्प्युटर स्वतःच एकेका डिरेक्टरीत शिरेल, तिचं नाव उचलेल आणि आतल्या प्रत्येक फाईलच्या नावापुढे जोडेल."

"किती वेळ?"

"चालवायला थोडा. लिहायला जास्त."

"गुरुवारी सुट्टी आहे. तेव्हा उरकून टाका. शुक्रवारी मला लेथ चालू हवेत."

गुरुवारी मळवलीहून गाडी पकडून मी आले, तर साहेब माझ्याआधी हजर. आमच्या कम्प्युटरला पडदा नव्हता. टेलिटाइप होता, टाइपरायटरसारखा. आपण कमांड टाइप करायची, तो उत्तर कागदावर खडखडत छापायचा. मी मॅक्रो चालवला. कागद सरकू लागला.

"झाली का बदलून?" साहेबांनी विचारलं.

"नाही. एकही नाव बदललेलं नाही. कुठलं नाव बदलून काय होणार, तेवढंच छापतंय."

साहेब वैतागले. "अहो, म्हणजे दिवस वाया! मॅक्रो बरोबर आहे ना?"

"मला वाटतं बरोबर आहे."

"मग चालवा."

"नाही चालवणार, साहेब. हाताने चूक झाली तर एका फाईलची होते. ह्यात झाली तर सगळ्यांची होईल. आधी वाचू."

मला नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. बाबा रेल्वेत गँगमन. आमच्या घरात ऑफिसात बसणारी मी पहिलीच. साहेबांना नाही म्हणणं सोपं नव्हतं. पण काचेत रुतलेला तुकडा मी पाहिला होता. मी टेलिटाइपसमोरून उठले नाही. साहेब थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिले, मग खुर्ची ओढून बसले.

"आणा अर्धा कागद इकडे."

आम्ही दोघं ओळ न् ओळ वाचत गेलो. डबा खाऊन झाल्यावर साहेबच थबकले.

"सुमन, हा रोटरचा शाफ्ट आणि हा रोटरचा स्लीव्ह. दोघांचं नवं नाव सारखंच कसं?"

मी पाहिलं. खरंच सारखं होतं. आमच्या मशीनला फाईलच्या नावात दहाच अक्षरं चालत. पुढचं ते मुकाट कापून टाकी. इंग्रजीत पंप आणि रोटर जोडले की नऊ अक्षरं तिथेच संपत. उरलेल्या एका जागेत शाफ्टचा एस आणि स्लीव्हचाही एस. एका जागी एकाच नावाच्या दोन फाईली राहत नसत. दुसरी आली की पहिली पुसली जाई. मॅक्रो तसाच चालवला असता तर कित्येक पार्ट नाहीसे झाले असते, आणि मशीनने हूं की चूं केलं नसतं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "शुक्रवारचं मी बघतो. लेथ बंद राहू देत. तुम्ही नीट करा."

मग मी डिरेक्टऱ्यांना दोन-दोन अक्षरांचे कोड दिले. मॅक्रोत एक तपासणी घातली: नवं नाव आधीपासून असेल तर थांब आणि ओरड. पुन्हा छापलं, पुन्हा वाचलं. आता एकही जोडी सारखी निघाली नाही. सगळ्या डिस्कची नक्कल काढून कपाटात ठेवली, आणि मगच खरी कमांड दिली. ती पटकन संपली. वाचायला लागलेल्या वेळापुढे ते काहीच नव्हतं.

नव्या नावाची पहिली टेप घेऊन मी शिंदेभाऊंकडे गेले. टेपच्या तोंडाशी नाव भोकांनीच लिहिलं होतं, उजेडात धरलं की वाचता येईल असं. भाऊंनी ते जॉबसोबत आलेल्या कार्डाशी ताडून पाहिलं.

"ताई, आधी मोकळं फिरवतो. जॉब न लावता."

"फिरवा की, भाऊ."

टूल हवेतल्या हवेत पुढे गेलं, वळलं, मागे आलं. भाऊंनी तेच पुन्हा एकदा केलं. मग जॉब बांधला. तासभराने गेज लावून शाफ्ट माझ्या हातात दिला. गरम होता.

"मापात हाय."

पुढे मी पुष्कळ कम्प्युटरवर कामं केली. पडदे आले, डिस्क लहान झाल्या, नावं लांबलचक चालू लागली. शेकडो फाईली एका ओळीत बदलणारी पोरं आता माझ्या हाताखाली शिकून गेलीत. त्यांना मी एकच सांगत आले: मशीन हुकूम मोडत नाही, हीच त्याची अडचण आहे. आधी त्याला काय करणार ते बोलू द्या. मग करू द्या.