तिसरा मजला, फक्त बायकांसाठी

पहिल्या हॉटेलातून बाहेर पडायला च्येन पी-युनला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

काउंटरवरच्या कारकुनाने तिचं ओळखपत्र पाहिलं, दाराचं कार्ड पुढे सरकवलं आणि अख्ख्या लॉबीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "पाचशे सात! एकट्याच ना, मावशी?"

सोफ्यावर दोन पुरुष बसले होते. दोघांनीही माना वर केल्या.

"आता पाचशे सात नको मला," पी-युन म्हणाली.

"का? काय झालं?"

"तुझ्या तोंडाला विचार."

त्याला काहीच कळलं नाही. पण चिंगमिंगची, पितरांच्या थडग्यांवर जायच्या सणाची, जोडून सुट्टी होती, गिऱ्हाईक सोडवत नव्हतं. त्याने दुसरं कार्ड काढलं आणि तेवढ्याच मोठ्याने ओरडला, "बरं, मग पाचशे नऊ घ्या!"

पी-युनने बॅग उचलली आणि ती रस्त्यावर आली. समोर डोंगराच्या पायथ्याशी मनोरंजन नगरीचा तो प्रचंड लोखंडी रोलर कोस्टर दिसत होता. रुळांवरून गाडी वेगाने खाली सुटली की माणसांचा आरडाओरडा इथपर्यंत ऐकू यायचा. तिशीत असल्यापासून तिला त्यात बसायचं होतं. नवरा म्हणायचा पुढच्या वर्षी, मुलगी म्हणायची लाज आणू नकोस, मैत्रिणीचा गुडघा दुखायचा. या वर्षी बापाच्या थडग्यावरचं गवत काढून झाल्यावर ती तिथूनच उठली आणि एकटीच आगगाडीत बसली. तेव्हा तिला छप्पन्न पुरी झाली होती.

पी-युन किलुंग बंदरातली किल्लीवाली. माशाच्या गोळ्यांचं दुकान आणि छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा यांच्या मधल्या सहा फुटी फटीत बापाने टपरी टाकली होती, ती तिने तीस वर्षं चालवली. हात कुलपात आणि तोंड कायम तिखट. नवऱ्याचा उठवळपणा कळला त्या दिवशी तिने रडारड केली नाही. तो मासेमारीच्या बोटीवर गेला असताना तिने घराचं कुलूप बदललं, त्याचे कपडे पोत्यात भरून बोटीच्या मालकाकडे दिले आणि संध्याकाळी टपरी उघडली.

कुणावरही विश्वास न ठेवण्याची तिची रीत मात्र नवऱ्यामुळे पडली नव्हती. चाळिशीत असताना एक सभ्य दिसणारा माणूस फुलांचा गुच्छ घेऊन टपरीवर आला होता. घराची किल्ली हरवली, बायको बाहेर गेलीय, तिच्या वाढदिवसाला आत सजावट करायचीय, असं म्हणाला. पी-युनने हसत हसत दोन मिनिटांत दार उघडून दिलं. बायको बाहेर गेली नव्हती. ती त्याच्यापासून पळून तिथे लपली होती. दार उघडताच ती मागे सरकली, तिच्या हातातली वाटी खाली पडली, आणि तिने नवऱ्याकडे न बघता पी-युनकडे पाहिलं. पी-युनने पोलिसांना बोलावलं, ते वेळेत आले, जीव वाचला. ती बाई नंतर कुठे गेली कोण जाणे. पण त्यानंतर कुणाचंही दार उघडण्याआधी पी-युन ओळखपत्र मागायची आणि दाराला तोंड लावून तीनदा हाक मारायची. लोक चिडायचे. चिडोत.

फोन वाजला. तैपेईहून मुलगी, यू-च्येन.

"आई, पोचलीस? मी पाठवलेलं हॉटेल घेतलंस ना?"

"नाही घेतलं."

"अगं, साडेचार तारे आहेत त्याला!"

"तारे काय दाराला आतून लावू?"

"तुला कुठलंच पसंत पडत नाही. मग 'हसरा ढग' बघ. तिथे बायकांसाठी वेगळा मजला आहे. एकट्या मुली तिथेच उतरतात."

"म्हणजे एकट्या मुली कुठे सापडतील ते पाटी लावून सांगितलंय."

"आई! तू भांडायला गेलीयस की फिरायला?"

पी-युनने फोन ठेवला. आणखी दोन हॉटेलं भरलेली निघाली. तिसऱ्यात जागा होती, पण सगळ्या खोल्या बाहेरच्या गच्चीला लागून होत्या आणि खिडक्यांना कड्याच नव्हत्या. शेवटी तीनच्या सुमाराला ती 'हसरा ढग'समोर उभी राहिली. दारावर गुलाबी ढग डोळे मिचकावत होता.

मालकीण फान च्यो-लान काउंटरवर बसून खरबुजाच्या बिया फोडत होती. "या, या मावशी! एकट्या? एकट्या बायकांसाठी तिसरा मजला. पुरुषांना बंदी. उशीसुद्धा गुलाबी."

"आधी खोली बघते."

"फोटो आहेत ना फोनवर."

"फोटोत दार हलवून बघता येत नाही."

फानबाई कुरकुरत वर आली. पी-युनने गुलाबी उशीकडे ढुंकून पाहिलं नाही. तिने दार बंद केलं, उघडलं, खांद्याने रेटलं, आतली कडी लावून खेचली. कडी चौकटीत डुगडुगली.

"मावशी, खोली भाड्याने घेताय की घर विकत घेताय?"

"या कडीला अर्ध्या पेराएवढे स्क्रू आहेत. लहान पोराने ढकललं तरी निघेल."

"आजवर कुणी तक्रार केली नाही."

"सगळ्या खोल्या उघडणारं कार्ड कुणाकडे असतं?"

"माझ्याकडे. फक्त माझ्याकडे," फानबाईचा आवाज चढला. "पटत असेल तर राहा, नाहीतर रस्ता मोकळा आहे. सुट्टीत दुसरीकडे मिळतेय का बघा जागा."

ते खरंच होतं, म्हणून पी-युन राहिली. मालकीण खाली गेल्यावर तिने बॅगेतून हत्यारांची पिशवी काढली, कडीचे आखूड स्क्रू काढून स्वतःजवळचे लांब स्क्रू चौकटीच्या लाकडात खोल बसवले. मग दाराखाली ठोकायची लाकडी पाचर काढून ठेवली. बाहेर पाणी आणायला गेली तेव्हा शेजारच्या खोलीतली मुलगी भेटली. ताइनानची, कॉलेजात शिकणारी, नाव लू पेई-शान. काल आली होती, उद्या जाणार होती.

"कडी लावतेस ना आतून?" पी-युनने विचारलं.

"लावते हो काकू," मुलगी म्हणाली आणि कानात गाणी घालून आत गेली. पी-युनला वाटलं, तिचीही कडी बघून द्यावी. पण न मागता कुणाच्या दाराला हात लावायचा नाही हा तिचा नियम होता. ती पाणी घेऊन खोलीत परतली.

कडी लावून, पाचर ठोकून ती आडवी झाली. साडेपाच वाजता तिचा डोळा लागत होता. दाराच्या कुलपातून टिक असा आवाज आला. दार दोन बोटं उघडलं, पाचरीवर घासलं, कडीवर अडकलं. फटीत एका पुरुषाचा चेहरा.

"कोण आहे?"

"एसी बघायला आलोय."

"दार वाजवता येत नाही?"

"वाजवलं होतं."

"खोटं बोलतोस. आणि एसी चालू आहे माझा."

त्याने दार आणखी एकदा रेटलं, कडी किती टिकते ते बघितल्यासारखं. टिकली. चेहरा नाहीसा झाला. पी-युन पलंगावरून उतरून चपला शोधत होती तोच शेजारून तीच टिक ऐकू आली.

पाचर काढायला तिला काही क्षण लागले. ती स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन बाहेर धावली. शेजारचं दार सताड उघडं, कडी चौकटीतून उपटून लोंबत होती. आत न्हाणीघरात पाणी पडत होतं आणि तो माणूस पलंगाजवळ मुलीच्या कपड्यांपाशी उभा होता.

"बाहेर ये!" पी-युन अशी ओरडली की मजल्यावरची सगळी दारं उघडली. "बाहेर ये, नाहीतर हा तुझ्या हातातून आरपार घालते!"

"टॉवेल द्यायला आलोय, बाई, ओरडताय काय?"

"मला एसी आणि हिला टॉवेल? कुठाय टॉवेल? दाखव!"

त्याच्या हातात टॉवेल नव्हता. पेई-शान गुंडाळलेल्या टॉवेलात बाहेर आली, समोरचा घोळका बघून किंचाळली आणि पुन्हा आत पळाली.

खाली काउंटरपाशी फानबाई वाघिणीसारखी उभी होती. तो माणूस तिचा धाकटा दीर आ-खुन निघाला. "आमच्या घरचा माणूस आहे तो! दुरुस्तीची कामं करतो. तुझ्या वयाच्या बाईकडे बघायला कोण येणार गं? आरशात तोंड बघ आधी!"

"माझ्यासाठी आला नव्हता तो, माहितीय मला. माझं दार चुकून उघडलं. तू म्हणालीस, कार्ड फक्त तुझ्याकडे."

"निघ इथून!"

पी-युन निघाली नाही. ती वर गेली, मुलीच्या दाराची उपटलेली कडी घेऊन आली आणि काउंटरवर आदळली. मागे मुलंबाळं घेऊन चार कुटुंबं खोलीसाठी थांबली होती. तिने आखूड स्क्रू एकेक करून त्यांच्यासमोर ठेवले. "बघा. याच्या भरवशावर झोपणार आहात."

फानबाईने पोलिसांना फोन लावला, आणि तोही पी-युनविरुद्ध. हॉटेलच्या मालमत्तेची नासधूस, गिऱ्हाइकांना धमक्या, हातात हत्यार. आलेला हवालदार थकलेला होता. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या आणि पेई-शानला विचारलं, "तुमची काही तक्रार?"

मुलगी कपडे घालून खाली आली होती. केसांतून पाणी गळत होतं. "नाही," ती म्हणाली. "मला घरी जायचंय." मग ती पी-युनकडे वळली. "तुम्हाला ओरडायची काय गरज होती? अख्ख्या मजल्याने मला तसं पाहिलं."

पी-युनच्या तोंडावर थप्पड बसली असती तरी इतकं लागलं नसतं. फानबाई मात्र हसली. "ऐकलंत साहेब? म्हातारीचं डोकं फिरलंय."

पी-युन हवालदाराला म्हणाली, "साहेब, मी कुलुपंच दुरुस्त करते. असली कार्डाची कुलुपं कोण कधी आत गेलं ते पोटात साठवून ठेवतात. ते वाचायचं यंत्र प्रत्येक हॉटेलात असतं. यांच्या खणात बघा."

"ते बिघडलंय," फानबाई पटकन म्हणाली.

"द्या, मी बघते काय बिघडलंय ते."

हवालदाराने भुवया उंचावल्या. "काढा हो ते, बाई."

यंत्र बिघडलेलं नव्हतं. हवालदार ते घेऊन स्वतः आधी बाकीच्या मजल्यांवर आणि मग तिसऱ्या मजल्यावर गेला, पी-युनने फक्त तोंडाने सांगितलं कुठे लावायचं. आ-खुनच्या खिशातून निघालेल्या एकाच नोकर-कार्डाने तिसऱ्या मजल्यावरची दारं उघडली होती. रोज, आणि बहुतेकदा पाच ते सातच्या मध्ये, म्हणजे मुली उद्यानातून घामेजून परत येतात आणि अंघोळ करतात तेव्हा. बाकीच्या मजल्यांवर ते कार्ड एकदाही लागलं नव्हतं. हवालदार नोंदी मोठ्याने वाचत होता. पेई-शानच्या दारापाशी तो थांबला.

"हे काल उघडलंय. सहा वाजून दहा मिनिटांनी. मग सव्वासहाला परत."

"काल सहाला मी झोपले होते, कडी लावायची राहिली होती," पेई-शान म्हणाली. मग तिने विचारलं, "परत म्हणजे? दोनदा आत आला?"

जिन्यावर उभ्या फानबाईच्या हातातल्या बिया खाली सांडल्या.

"लिहून घ्या," मुलगी म्हणाली. "माझी तक्रार आहे. सगळं लिहून घ्या."

आ-खुनला गाडीत बसवलं. त्याच्या फोनमध्ये काय सापडलं ते पोलिसांनी त्या दोघींना तेव्हा सांगितलं नाही. फानबाईने पी-युनची बॅग पायरीवरून खाली फेकली. हत्यारं रस्त्यावर पसरली. पी-युन एकेक वेचत असताना पेई-शान खाली बसली आणि दोन स्क्रू तिने उचलून दिले. हवालदाराने दोघींना जवळच्या देवळाच्या यात्रेकरूंच्या इमारतीत नेऊन सोडलं. तिथे बारा खाटांची एक खोली, एक बहिरी राखणदारीण आणि दाराला हाताएवढा जाड लाकडी अडसर होता. दोघी दोन टोकांच्या खाटांवर झोपल्या. सकाळी मुलगी पहिल्या बसने निघून गेली होती.

पी-युन त्या दिवशी रोलर कोस्टरमध्ये बसलीच. मान आखडली. तिला तो मुळीच आवडला नाही.

पावसाळ्यात न्यायालयातून बोलावणं आलं. यू-च्येन म्हणाली, "आई, नको जाऊस. त्या हॉटेलवाल्यांनी इंटरनेटवर तुझ्या टपरीबद्दल काय काय लिहिलंय बघितलंस? भांडखोर, चोर, वेडी."

"भांडखोर एवढंच खरं आहे," पी-युन म्हणाली आणि पहाटेची गाडी पकडून गेली.

आ-खुनला पुढे शिक्षा झाली, सगळ्यांना वाटली त्याहून कमी. 'हसरा ढग' महिनाभर बंद राहिलं, मग नवीन नाव लावून पुन्हा उघडलं. साक्षीच्या दिवशी पेई-शान आईबरोबर आली होती. तिची आई पी-युनचे हात धरून रडायला लागली, तेव्हा मुलगी खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली. पी-युनला ते समजलं. तिने हात सोडवून घेतले आणि त्या माउलीला म्हणाली, "तिला घरी न्या आधी. मला काही नको."

बाहेर न्यायालयाच्या पायऱ्यांवर फानबाई वाट बघत होती. ती वाळली होती, पण डोळे तसेच होते.

"माझं घर बुडवलंस तू. समाधान झालं?"

"नाही," पी-युन म्हणाली. "तुला सगळं माहीत होतं. तुला मात्र कुणी आरोपी म्हणून आत बोलावलंच नाही."

"सिद्ध कर!"

"ते माझ्या हातात असतं तर केलं असतं."

फानबाई तिच्या पायापाशी थुंकली. पी-युनने चपलेकडे पाहिलं, मग त्या बाईच्या तोंडाकडे, आणि पायऱ्या उतरून स्टेशनच्या रस्त्याला लागली. संध्याकाळी सातला तिला टपरी उघडायची होती.