बायनाबाईची सुधारलेली तब्येत

बायनाबाईला खाटेवर बसवायची अक्कल तिच्याच लेकाची, गोरक्षनाथची. चाळीस वर्षं तिनं जाफराबादच्या शिवारात मेंढ्या राखल्या. ह्यानं नोकरी लागताच त्या विकून टाकल्या. बसून बसून ती फुगत गेली, तर मेले पाहुणे म्हणायचे, "तब्येत सुधारली!" मग शुगर निघाली.

डॉक्टर म्हणाले, "शुगर आणि वाढलेली चरबी मिळून तुमचं शरीर आतून गंजवून राह्यल्यात. चाला, वजन उतरवा."

घरी येताच बायनाबाईनं काठी उचलली. गोरक्षनाथ दारात आडवा आला.

"माय, लोक काय म्हणतील? तू बसून खाय."

ती कडाडली, "बोकडाला एका जागी बांधून कशापायी चारतेत, म्हाईत न्हाई का तुला? कापायसाठी! सरक बाजूला!"