दूध डेअरीतलं इंजेक्शन

मी डॉक्टर नाही, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. औषधाबद्दल लिहितोय, माफ करा. पण गप्प बसवत नाही.

संधिवातानं आईची बोटं आखडली होती. बायोलॉजिक इंजेक्शन, म्हणजे सांध्यांवर उलटलेली प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, सुरू झालं आणि काही महिन्यांत ती पुन्हा गाईची धार काढू लागली. घरी फ्रिज नाही, म्हणून इंजेक्शन गावच्या दूध डेअरीच्या फ्रिजात, जनावरांच्या लसींशेजारी ठेवायचो.

“वैनी, गाईचं टोचून घेता व्हय?” धाकटे चुलते हसायचे.

“तुमी बी घ्या भावजी, दूध तरी द्याल.”

मग तिला खोकला लागला. या औषधानं दबलेला क्षय उसळू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यांनी इंजेक्शन तात्पुरतं थांबवून थुंकी तपासायला पाठवली. बोटं पुन्हा आखडू लागली.

“कायमचं सोडा आता ते औषध,” चुलते म्हणाले. “खोकल्याचं गावात बोलू नका.”

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट बोललो, “खोकला लपवणार नाही. आणि डॉक्टर सांगत नाहीत तोवर औषधही कायमचं सोडणार नाही.”

मी श्रीरामपूरला कॉलेजात असताना आईचा फोन आला, “क्षय न्हाई रं. डॉक्टर म्हनले, इंजेक्शन परत चालू करा.”