कुत्र्या-मांजरांचा पाऊस

इंटरच्या परीक्षेला इंग्रजी वाक्प्रचारांचा एक प्रश्न हमखास यायचा. अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे अडलं तर विचारायला कोणी नव्हतं. सुट्टीत जऊळक्याजवळच्या आमच्या गावी आलो की मी संध्याकाळी मोठ्यानं पाठ करायचो. बाबा समोर अंबाडीचं दावं वळत बसायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण प्रत्येकाचा अर्थ त्यांना सांगावा लागे.

"इट रेन्स कॅट्स अँड डॉग्ज," मी वाचलं. "आभायातून कुत्रे-मांजरं पडतात. म्हंजे पाऊस लय जोरात येते."

बाबांचे हात थांबले. "कुत्रे पडतेत? मंग तिकडचे लोकं वावरात पेरतेत काय?"

आई चुलीपुढून हसली. "तुमाले काय कराचं? पोराले वाचू द्या."

परीक्षा आठवड्यावर आली असताना बाबा खळ्यावर बसल्या बसल्या गेले. अग्नी मी दिला. केस उतरवले. रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

"आग देल्ली त्यानं दहाव्यापर्यंत घर सोडू नाही," काका म्हणाले. "पेपर पुढच्या साली दे."

पुढच्या साली शेत मलाच पाहावं लागणार होतं. आता चुकली तर परीक्षा कायमची सुटणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

आई कोपऱ्यातून म्हणाली, "भाऊजी, त्याईनंच त्याले कॉलेजात घातलं. जाऊ द्या."

काका उठले. "जाय. पण दहाव्याले इथं पाह्यजे."

अकोल्याला पेपरात तोच वाक्प्रचार आला. अर्थ लिहिला. वाक्य लिहायला पेन टेकवलं, तर बाबांचा प्रश्नच तेवढा आठवत राहिला. शेवटी पुस्तकातलं इंग्रजी वाक्य उतरवलं, त्याचा अर्थ असा: काल मुसळधार पाऊस पडला, म्हणून आम्ही शाळेत गेलो नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी परतलो. काकांनी माझ्या पायांवर पाणी घातलं.

"जमलं काय?"

"जमलं."

बाबांचं अर्धवट दावं त्यांनी खुंटीवरून काढलं, वळायला घेतलं. "ते कुत्र्या-मांजराचं काय होतं रे? दादा साऱ्या गावाले सांगत फिरे."

मी अर्थ सांगितला. काकांनी मान हलवली. आईही ऐकत होती. पुढचं, पेरण्याचं, कोणीतरी विचारील म्हणून मी थोडा वेळ थांबलो.