थान ग्वेईफांगचे ओळीतले शब्द

नाशपातीच्या झाडाला इंग्रजी येत नाही, असं थान ग्वेईफांग एकदा फळसंशोधन केंद्राच्या बैठकीत सर्वांसमक्ष बोलून गेली होती. सगळे पोट धरून हसले. हसून झाल्यावर नियम होता तिथेच राहिला. वरिष्ठ पद हवं तर इंग्रजीची परीक्षा द्या. पद नसेल तर बाईमाणसाने पंचावन्नाव्या वर्षी खुर्ची रिकामी करायची, असेल तर साठीपर्यंत मुभा. ग्वेईफांगला पद मिरवायचं नव्हतं, तिला मधली पाच वर्षं हवी होती.

केंद्रामागच्या पिवळ्या मातीच्या उतारावर तिने बीपासून वाढवलेली नाशपातीची झाडं होती. चीनमधल्या लानचौ शहराच्या अलीकडचा हा मुलूख मोठा खट्याळ. एप्रिलमध्ये झाडं पांढरीशुभ्र फुलतात आणि एखाद्या पहाटे असं हिव पडतं, की दुपारपर्यंत सगळा मोहोर काळा. ग्वेईफांगने डोंगरातल्या रानटी झाडाशी गावच्या हिवाळी नाशपातीचा संकर केला होता. पण बीच्या झाडाला फळ धरायला सात-आठ वर्षं जातात. कुठलं हिवातून तगेल आणि कुठल्याचं फळ तोंडात घालण्यालायक निघेल, हे फळ आल्याशिवाय कोणाच्या बापाला सांगता येत नाही. तिची झाडं अजून फळली नव्हती.

ती शाळेत होती तेव्हा वर्गात धडे कमी आणि नांगरट जास्त असे, त्यामुळे इंग्रजी तिच्या वाट्याला आलंच नाही. पन्नाशीच्या तोंडावर तिने विटेएवढं शब्दांचं पुस्तक आणलं आणि तिच्या आजोबांनी जसे जुने ग्रंथ पाठ केले तसंच तेही पाठ करायला घेतलं. उभं राहून, मोठ्याने, पहिल्या पानापासून. रोज सकाळी ती झाडांच्या ओळींतून घोकत फिरायची. केंद्रातली पोरं म्हणायची, "थान बाई झाडांची शिकवणी घेतायत. झाडं पास होतील, बाईंचं काही सांगता येत नाही." ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. दोनदा नापास झाली तेव्हा मात्र ते बोलणं तिला फार लागलं. तिसरी वेळ शेवटची होती, कारण त्या सप्टेंबरात तिला पंचावन्न पूर्ण होणार होती.

तिचा नवरा लाओ हौ शहर बसचा निवृत्त ड्रायव्हर. त्याला इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण एका संध्याकाळी व्हिनेगर घातलेल्या शेवयांचे वाडगे टेबलावर ठेवून तो तिची परीक्षा घ्यायला बसला. मधलंच पान उघडलं, अर्थाची बाजू तळहाताने झाकली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. ग्वेईफांगने डोळे मिटले. "ओक, ओअर, ओअसिस, ओट, ओथ..." ती पुटपुटत राहिली. शेवया फुगायला लागल्या.

"अगं थान बाई, तुझी बस दरवेळी डेपोतूनच का सुटते? उतारू मध्येच उभाय ना!"

"मधूनच कसं आठवणार? आधीचा आला की पुढचा येतो."

"आणि आधीचा नाही आला तर?"

"तू सांग बघू, कापड गिरणीच्या आधीचा थांबा कुठला?"

 लाओ हौ बोटं मोजत स्टेशनपासून एकेक थांबा म्हणू लागला. दोघंही हसून लोळले. आपल्याकडे सतराचा पाढा मधूनच विचारला की जी गत होते, तीच. रोग तिथेच कळला होता, पण ग्वेईफांगने त्यावर औषध काढलं ते वेगळंच. ओळ मोडायच्या ऐवजी ती ओळ जास्त भराभर म्हणायला शिकली.

परीक्षेला शब्दकोश न्यायला परवानगी असते. बाकीचे उमेदवार कोश उघडून बसले होते. तिने आपला पिशवीतच ठेवला. इतकी वर्षं घोकल्यावर कोश चाळायचा म्हणजे घरात धान्य असताना भीक मागायची, असं तिला वाटलं. हा तिचा ताठा, आणि तोच तिला नडला. उताऱ्यातल्या शब्दाशब्दाला ती डेपोत जाऊन परत येत होती. शेवटच्या उताऱ्यात 'इररिव्होकेबल' आला. ती 'आइस'पासून निघाली आणि वाटेतच घंटा वाजली. तिचा पेपर थोडक्यात हुकला. पार हुकला असता तर बरं, इतकं वाईट वाटलं नसतं.

सप्टेंबरात निरोपाचं जेवण झालं. केंद्रप्रमुख निंग, तिच्या हाताखाली कलमं बांधायला शिकलेला, प्याला उचलून गोड गोड बोलला. ती त्याला दारापाशी गाठून म्हणाली, "निंग, मला पगार नको. फक्त झाडं ठेव."

"थान बाई, उतार सफरचंदांना दिलाय वरच्यांनी. वसंतापर्यंत ठेवतो, तुमच्या शब्दाखातर."

वसंत आला. एका रात्री जेवताना लाओ हौने टीव्हीचा आवाज वाढवला. पदोन्नतीसाठी इंग्रजीची सक्ती उठली होती. "ऐकलंस? सुटले सगळे!" तो म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली.

ग्वेईफांग सकाळी नवं जाकीट घालून केंद्रावर गेली. तिच्या मनात वेडी आशा होती, आणि ती वेडी आहे हे तिला ठाऊकही होतं. लाओ हौ नको नको म्हणत मागून आला. निंग उभा राहिला, खुर्ची पुढे केली. "नियम बदलला तो नोकरीत असलेल्यांसाठी, बाई. निवृत्त माणसाला मी काय देणार?" मागून यंत्राचा घरघराट येत होता. निंगची नजर टेबलावर गेली. "यंत्र आज येणार हे मलाही कालच कळलं."

ती उतारावर पोचली तेव्हा निम्म्या ओळी आडव्या झाल्या होत्या. उपटलेल्या झाडांची मुळं वर होती, आणि फांद्यांवर या वर्षी पहिल्यांदाच फुलाच्या कळ्या धरल्या होत्या, टपोऱ्या, उमलायच्या बेतात. ग्वेईफांग एका झाडाजवळ खाली बसली. त्या कळ्यांवरून हात फिरवता फिरवता ती काहीतरी बोलली.

"काय म्हणालीस?" लाओ हौने विचारलं.

"शब्द आला. परीक्षेतला. मागचेपुढचे कुणी आले नाहीत, एकटाच आला."

"मग अर्थ काय त्याचा?"

"आता परत फिरवता येत नाही, असा," ती म्हणाली, आणि यंत्रवाल्या माणसांची पर्वा न करता मोठ्याने रडू लागली.